कच्चा रंग

चौथा मजला, लिफ्ट नाही.
भिंग, पांढरे हातमोजे, दर मांडायची वही घेऊन
धापा टाकत पोचलो तेव्हा
फ्राऊ ह्रुबेश दार उघडून उभ्याच होत्या.
"सगळे आत आहेत," म्हणाल्या. "जोडे राहू द्या."

काचेच्या कपाटात दोनशे अकरा जीव.
अंगठ्याएवढा कोल्हा, व्हायोलिन वाजवणारी मांजर,
गालिच्यावर मांडी ठोकून गालिचे विकणारा,
आणि एक तितर, ज्याच्या एकेका पिसावर
तीन केसांच्या कुंचल्याचा वेगळा फटकारा.

व्हिएन्नाचं ब्राँझ. ओतायचं, कानशीनं घासायचं
आणि रंगवायचं थंडच.
रंगाला भट्टी दाखवायची नाही.
म्हणून शंभर वर्षं झाली तरी हा रंग कच्चाच,
धातूवर नुसता टेकलेला,
खुर्चीच्या कडेवर बसलेल्या पाहुण्यासारखा.

रंगवायच्या बायका. शहराच्या कडेला,
घरोघरी, जेवायच्या टेबलावर,
उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं बाजूला सारून.
मजुरी डझनावर.
बुडाशी शिक्का आहे तो कारखान्याचा.

मी एकेक उचलतो. पोट, कान, शेपटीचं टोक.
रंग नव्वद टक्के. रंग सत्तर.
इथे नंतर कुणाचा तरी हात फिरलाय,
पिवळा जरा जास्तच आनंदी: किंमत निम्मी.
बाई कॉफी ठेवून जातात.
कपाटाकडे बघत नाहीत.

"एक राहिला," त्या म्हणाल्या,
आणि स्वयंपाकघरातून, गॅसच्या बिलांवर ठेवलेला
पोपट घेऊन आल्या.
पोपट म्हणायचं, इतकंच. तपकिरी, उघडा धातू.
डाव्या पंखाखाली नखभर हिरवं.

"ओटोकारला पोचवून आले त्या संध्याकाळी
मी याला आंघोळ घातली.
कढत पाणी, भांड्यांचा साबण.
एकेचाळीस वर्षं हात लावायची बंदी होती मला.
वाटलं, धुळीखाली अजून देखणा असेल.
आधी पाणी हिरवं झालं. मग लाल.
मग चोचीचा काळा.
नळ बंद करायचं सुचलंच नाही."

मी वहीत लिहिलं: पोपट. रंग नाही.
पुढचा रकाना तसाच सोडला.

"तो विकायचा नाहीये."

"मग दाखवलात कशाला?"

"तुम्ही मोजे काढाल म्हणून."

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
बोटांना घाम असतो, घामात मीठ,
वस्तू बघायची ती डोळ्यांनी.
आधी उजवा काढला. मग, का कोण जाणे, डावाही.
पाठीवर, दोन पंखांच्या मधे
एक गुळगुळीत खळगी आहे,
अंगठा आपोआप तिथे जातो.
ती बाईंच्या अंगठ्याची नव्हे,
दोन वर्षांत ब्राँझ असं झिजत नाही.
त्या कपाटापाशी रात्री
आणखी कोणीतरी मोजे काढून उभं राहत असणार.

मी काही बोललो नाही.
बाई माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

खाली ट्रामच्या थांब्यावर
बेरीज तीनदा केली.
तिन्ही वेळा वेगळी आली.