सतरावा प्रस्ताव

पहिल्या बैठकीला तिघं आले.
एक मुंजाजी, कारण दुकान त्याचंच.
दुसरा चार्जर न्यायला आलेला,
तिसरा पंख्याखाली झोपून गेला.
पुण्याहून आणलेले स्टिकर काउंटरवर पसरून
मी भिंतीवर खडूनं लिहिलं होतं:
नेटवर्क आपल्या सर्वांचं.

बाहेर वसमतच्या मोंढ्यात हळदीचे सौदे चालू,
सगळी गल्ली पिवळी, शिंकसुद्धा पिवळी.
माझं ऐकायला कोण येणार?

मग भिंत पुसली
आणि धुरपताबाईंच्या ओसरीवर गेले,
सोमवारी, बचत गटाची वही उघडी असताना.
म्हणलं, समजा ही वही एकट्या सचिवाकडं नाही,
तुम्हा एकवीस जणींकडं एकेक आहे.
एकीनं आकडा लिहिला की सगळ्यांच्या पानावर उमटतो.
एकीनं खोडला
तर वीस वह्या बोट दाखवतात.

नसरीन कुरेशी हसली,
"दो साल पैले ऐसी वही रैती
तो वो पन्ना फटताच नै था."
कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.
सगळ्यांनी समोरच्या एकाच दाराकडं पाहिलं.

त्या वहीच्या पोटात एक यंत्र होतं, मराठी शिकणारं.
धुरपताबाई फोनला म्हणाल्या, "काय करायलीस गं?"
यंत्रानं लिहिलं, "काय करायला?"
आणि बाईंच्या नावापुढं लाल ठिपका.
"म्हंजे मी चूक?"

त्या सांजेला एकवीस बोटं,
नखांत हळद भरलेली,
एका शब्दावर पडली.
बरोबर. बरोबर. बरोबर.
दूर कुठल्या थंड गावांतले संगणक मोजत राहिले.
करायलीस म्हणजे काय, त्यांना काय ठाव,
पण त्यांनी इमानानं मोजलं
आणि ठिपका हिरवा झाला.

मोबदल्यात टोकन आले.
"याची साखर येती का?"
अजून नाही.
"मग राहू दे फोनात."

पुढच्या बैठकीला मोंढ्यातले हमाल आले,
शिलाईवाल्या आल्या,
लातूरहून नीट देऊन परतलेला एक पोरगा आला,
त्यानं माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.
मी खुर्ची सोडली, पायरीवर बसले.
हेच तर करायला आले होते ना,
तरी जरा लागलंच.

सगळे उठता उठता धुरपताबाईंनी विचारलं,
"ह्यात लिहिलेलं कधीच खोडता येत नाही?"
कधीच नाही, मी छाती फुगवून म्हणलं.
बाई बराच वेळ आपली वही चाळत राहिल्या.
एका पानावर बोट ठेवलं.
"प्रयागच्या नावावर चार हजार होते.
तिचा मालक बोअरच्या गाडीवर गेला
त्यो परत आलाच नाही.
तवा समद्यांनी मिळून ही रेघ मारली.
खालचा आकडा दिसतोय बघ. लपवला नाही.
पण वर रेघ हाय.
तुमच्या वहीत माफी कुठं लिहायची?"

माझ्याकडं पंचेचाळीस पानांचं माहितीपत्रक होतं.
त्यात रेघ नव्हती.

रात्री तिचा प्रश्न तिच्याच बोलीत पाठवला.
प्रस्ताव क्रमांक सतरा.
मांडणार: धुरपता, वसमत.
यंत्र 'रेघ' या शब्दावर तीनदा अडखळलं,
भेग म्हणालं, रांग म्हणालं,
चौथ्यांदा आमच्याकडं विचारायला आलं.

मतदान अजून चालू आहे.
बाजूनं एकशे बारा, विरोधात नव्वद.
कुणी परक्यानं विचारलंय, रेघ किती जाड असावी?
बाईंनी उत्तर पाठवलंय,
"आकडा वाचता यावा इतकी बारीक,
प्रयागला लांबून दिसावी इतकी ठळक."

आत्ता लाईट गेली.
मुंजाजीनं इन्व्हर्टरवरचा पंखा बंद केला,
डबा चालू ठेवला.