उके काकूंचा डबा

पेढ्याच्या खोक्याएवढा काळा डबा,
मागे दोन भोकं, पुढे तीन दिवे.
प्रणोतीनं हॅलिफॅक्सहून पाठवलेला.
काकूंनी त्यात आपला जुना बदामी फोन खुपसला,
जो त्यांच्याकडे मीच जोडला होता, चौऱ्याण्णव साली,
दिवाळीच्या आदल्या दिवशी.

"भाऊजी, मघाशी होता. आता नाही."
मे महिना, सेहेचाळीस अंश,
नरेंद्रनगरातली कुत्री गाड्यांच्या पोटाखाली.
मी टेलिफोन खात्यातला, चौतीस वर्षं खांबावर चढलेला.
तांब्याच्या तारेवरची खरखर ऐकून सांगायचो
पाणी कुठल्या सांध्यात शिरलंय.
या डब्याला कान लावला.
नुसता कोमट.

पहिला संशय कुलरवर.
नागपुरात उन्हाळ्यात काहीही बिघडलं
की आळ आधी कुलरवरच येतो,
आणि बहुतेकदा खराही निघतो.
पंप सुरू झाला की ट्यूब मिचकावते,
ट्यूब मिचकावली की डबा दचकतो
आणि पुन्हा पहिल्यापासून शुद्धीवर येऊ लागतो.
वेगळ्या बोर्डावर नेला. दचकणं थांबलं.
फोन जायचा तो जाईच.

केबल बदलली. राउटर झोपवला, उठवला.
पिन काढून फुंकर मारली,
याला शास्त्र नाही, पण खात्यात सगळेच मारायचे.
वीजबिलाच्या पाठीवर वेळा टिपल्या,
अकरा दहा, अकरा चाळीस, मग एकदम दोन.
त्या आकड्यांतून काहीच निघालं नाही,
बिल मात्र किती आलंय ते दिसलं.

चौथ्या दिवशी, ताकाच्या दुसऱ्या पेल्याला,
ध्यानात आलं:
आतून बाहेर केव्हाही लागतो.
बाहेरून आत येत नाही.
आणि दिवा हिरवाच.
प्रणोतीला मोबाइलवर धरून ठेवलं,
जावयाच्या फोनवरून नंबर फिरवायला लावला.
काकू बोलून झाल्यावर एक मिनिटानं: वाजला.
दोन मिनिटांनी: वाजला.
तीन मिनिटं दहा सेकंदांनी
प्रणोती म्हणाली, "बाई सांगतेय, आई उपलब्ध नाही."
आई माझ्यासमोर लसूण सोलत होती.

म्हणजे चूक डब्याची नव्हे, दाराची.
राउटर आतल्याला बाहेर सोडतो,
त्याच्या मागे दार थोडं लोटून ठेवतो,
तीन मिनिटं चाहूल नाही लागली
की कडी घालतो.
आणि डबा आपला तासातून एकदा हाक देणारा,
सरकारी पहाऱ्यासारखा.

हे काकूंना कसं सांगावं?
"माय गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्या लागे ना," म्हटलं,
"थांबला की तिला वाटे, पोट्टं झोपलं."
"मंग त्याले हुंकार द्याले लावा न," काकू म्हणाल्या,
"चार दिवस काहून लागले?"

सेटिंगचं पान. पासवर्ड डब्याच्या पोटावर, अर्धा पुसलेला.
तिसऱ्या टॅबमध्ये, पार तळाशी, एक रिकामा रकाना.
तीस लिहिलं.
दर तीस सेकंदांनी एक पाकीट,
आत काही नाही,
पत्ता तेवढा बरोबर.

पाच मिनिटं थांबलो. मग वीस.
कुलरची टाकी मध्येच घोटभर पाणी गिळत होती.
आणि वाजला, तोच जुना घंटेचा आवाज,
काकूंनी लसणाचे हात पदराला पुसले न पुसले.
"काय करून राहिली वं?"
"काही नाही. तू?"
"मी बी काही नाही."
याच्यावर त्या चाळीस मिनिटं बोलल्या.
मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला,
सोललेल्या पाकळ्या वाटीत भरून ठेवल्या,
निघालो.

गुरुवारी पुन्हा हाक आली.
या खेपेला मात्र कुलरच होता:
टाकीतून थेंब थेंब, बरोबर प्लगवर.