सतरापर्यंत

पिंपळनेरला जानेवारीत काचेवर
दवाचा पांढरा पापुद्रा धरतो.
तो पोत्याच्या तुकड्यानं पुसून मी आत बसतो,
चावी फिरवतो, दांडा 'डी'वर ओढतो
आणि मोजायला लागतो.

इंजिन घुमतं. काटा वर जातो.
गाडी जागची हलत नाही.
अकरा. बारा.
रिकाम्या घाण्याला बैल जुंपावा तसा आवाज.
सतराला मागून कुणीतरी लाथ घालतं
आणि फाटकापर्यंत आम्ही एकदमच पोचतो,
मी, गाडी, अन् सीटवरची दुधाची किटली.

एकतीस वर्षं एसटी चालवली मी.
साक्री डेपो. पहाटे पाचची नवापूर.
थंडीत अर्धा तास आधी इंजिन गुरगुरत ठेवायचो,
कंडक्टर झुलाल बोनेटवर तळवे शेकायचा.
गिअर काय म्हणतो
ते डाव्या पायाच्या अंगठ्याला आधी कळायचं.
ह्या गाडीत डाव्या पायाला कामच नाही.
कल्याणीनं पुण्यात नवी घेतली, ही मला दिली.
"अप्पा, तुमच्या गुडघ्याला आराम."

धुळ्याला नेली, इस्माईल पिंजारीच्या गॅरेजात.
तिथं पोचेस्तोवर ती तापून शहाणी झालेली.
त्यानं मागं घेतली, पुढं घेतली,
चौफुलीला फेरी मारून आला.
"अप्पा, हाई ते लोनीना मायक चालस."
तीनदा गेलो. तीनदा लोणी.
आजारी पोराला दवाखान्यात नेलं
की ते हसून दाखवतं, तसं.

चौथ्यांदा त्याचाच फोन.
"थंडीमाज बोलस ना ती?
मंग थंडीमाजच आयकनं पडी.
मी रातले येस. चावीले हात लावू नका."

आला. शेवेची भाजी जेवला, ओट्यावर घोंगडीत निजला.
साडेपाचला उठून बॅटरी दातात धरली,
यंत्राची वायर जोडली.
यंत्र म्हणालं, काही दोष नाही.
मग त्यानं मला गाडी सुरू करायला लावली,
स्क्रूड्रायव्हरचं टोक खोक्याला, मूठ कानाला.
मी आत मोजतोय, तो बाहेर मोजतोय.
दोघांचंही सतरा आलं.

पट्टी काढली, फडक्याला पुसली.
भिजल्या कुंकवासारखं दिसायला हवं ते तेल
जुन्या काढ्याच्या रंगाचं.
त्यानं बोटांत चोळलं, नाकाशी नेलं,
परत चोळलं.
"अप्पा, याम्हा काय टाकं?"

शेजारचा कोंबडा नेमका तेव्हाच गप्प झाला.

दिवाळीत. खाटेखालच्या डब्यातलं.
ट्रॅक्टरच्या गिअरचं उरलेलं, काळं, दाट,
अर्धा लिटर असेल.
पातळी कमी दिसली म्हणून.
तेल ते तेल, असं मी डेपोतल्या पोरांना
किती वर्षं सांगत आलो होतो.

तो हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, आतल्या वाटा लई बारीक,
दाट तेल थंडीत तिथं शिरायला आळस करतं,
दाब बसत नाही, चकत्या एकमेकींना धरत नाहीत.
तापलं की मग निघतं मुकाट.
"तुमनी एसटीले चाललं व्हतं," एवढंच वर.

दोनदा सगळं उपसलं, दोनदा नवं भरलं, जाळी बदलली.
पैसे सांगताना तो गाडीकडं बघत होता.

परवा पहाटे पुन्हा पापुद्रा. पुन्हा पोतं.
दांडा 'डी'वर.
एक.
दोन म्हणायला तोंड उघडलं
आणि फाटक समोर आलेलं.
ब्रेक उजव्या पायानं दाबला.
डाव्यानंही काहीतरी दाबलं, नुसती चटई.

कल्याणीचा फोन आला, काय झालं होतं गाडीला?
थंडी, म्हणालो.

डबा अजून आहे खाटेखाली.
त्यातलं चमचाभर काल
फाटकाच्या बिजागरीला सोडलं.