भोंगा सोडून

आसूदच्या उतारावर सुपारीच्या बागांत
अजून धुकं बसलेलं होतं.
हर्णैला पोचलो तर मच्छीमार सोसायटीच्या दारात
द्वारकाताई पावसे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
आणि पहिलंच वाक्य :
"लाईट जाते रात्री दीडला, येते साडेतीनला.
कॉम्प्युटर उठतो आपला आपण,
पण उठून नुसता बसून राहतो, घरजावयासारखा."

मी हसलो. ती हसली नाही.
सतरा महिने ती साडेतीनला उठत होती,
पाजपंढरीहून बॅटरी घेऊन चालत येत होती,
वहीत लिहिलेल्या तीन कमांडी
एका बोटाने, अक्षर अक्षर, टाईप करायला.
खाली लाल शाईत : एंटर दाबणे. मग थांबणे.

कॅबिनेटचे स्क्रू खाऱ्या हवेने खाल्लेले.
एक फिरलाच नाही, तो तसाच ठेवला.
यूपीएसवर सुकटाची पिशवी, तिला हात लावायचा नव्हता.

मी सांगू लागलो :
पहिली सर्व्हिस बोटींची नोंद ठेवते, टोकन, डिझेलचा कोटा.
दुसरी हवामानाचा इशारा उतरवून घेते.
दुसरीने पहिलीसाठी थांबायचं, पहिलीने नेटसाठी.
"म्हणजे बर्फाआधी डिझेल,
डिझेलआधी टोकन,
आणि टोकनआधी तांडेल शुद्धीवर पाहिजे."
फाईलीत मी एवढं नीट लिहिलं नव्हतं.

पडली तर?
दहा सेकंद थांबून पुन्हा उठेल.
परत पडली तर?
परत.
असं किती वेळा?
मी आकडाच टाकला नव्हता. पाच टाकला.
"पाच पुष्कळ. मग माणसाला हाक मारावी."

यूपीएसची वायर काढली, मेन स्विच खाली ओढला.
पंखा दोन फेरे फुकट फिरला.
मग खिडकीतून ऐकू आलं
ओहोटीत कलंडलेल्या होड्यांखाली पाणी कसं चाटतं ते,
आणि लांब कुणीतरी इंजिनावर पाना आपटत होतं.
एक मिनिट. स्विच वर.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी चढत गेल्या,
एक हिरवं 'चालू',
जरा वेळाने दुसरं.
कोणी काही दाबलं नव्हतं.
द्वारकाताईचं बोट मात्र
एंटरच्या वर इंचभर, अधांतरी.

तिसरी राहिली. भोंगा.
इशारा आला की छपरावरचा कर्णा वाजवणारी.
मी ओळ अर्धी टाईप केली होती.

"ती नको."
ताई, ही तर सगळ्यांत सोपी.
"म्हणूनच नको.
कार्तिकात एकदा लाल इशारा आला.
बाहेर आले तर चांदणं, दर्या तेलासारखा.
रत्नागिरीला फोन लावला.
मागच्या आठवड्याचा कागद पुन्हा सुटला होता.
दुसऱ्यांदा आला तेव्हा सुवर्णदुर्गाच्या मागे
काळोख भिंतीसारखा उभा, वारा खालचा.
तेव्हा वाजवला.
खोटा भोंगा दोनदा ऐकला ना,
की तिसऱ्यांदा कोणी अंथरूण सोडत नाही.
आधी दार उघडून बघायचं.
हे तुझ्या फाईलीत कुठे लिहिशील?"

जागा होती तशी. कमांड नव्हती.
अर्धी ओळ मागे मागे खोडत नेली.
इशारा आला की तिच्या फोनची घंटी वाजेल,
एवढंच जोडून दिलं.

वहीतल्या दोन कमांडींवर
तिने पट्टी ठेवून रेघ मारली.
तिसरीच्या पुढे लिहिलं : हाताने.
मला चारशे रुपये दिले, आणि शेवटी
त्या पिशवीतलं पसाभर सुकटही.

आठवड्याने फोन आला.
"सहापर्यंत झोपले रे आज.
म्हणजे साडेतीनला जाग आली होती.
घंटी नव्हती वाजली. तरी दार उघडलं, बघितलं.
काही नव्हतं.
परत झोपले."