पाटीवरची आडवी रेघ

अक्षर बरं म्हणून पाट्या माझ्याकडे आल्या.
अजब बंगल्यात एकतीस वर्षं
मी काळाला सुरुवात दिली, शेवट दिला,
मधे एक आडवी रेघ, फुटपट्टी धरून.

पहिल्या कपाटात माहुरझरीचं लोखंड.
कुऱ्हाड, छिन्नी,
घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा पत्रा.
माणूस मेला, बहुतेक घोडाही सोबत गेला.
घोड्याला हाक कशी मारत, ते कुठं लिहिलेलं नाही.
मी "इ. स. पू." लिहिलं, पुढे "अंदाजे",
आणि त्या टिंबाशी हात जरा थांबला.

दुसऱ्यात वाकाटकांचे ताम्रपट.
अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेट्या,
इतवारीतले हमाल रांगेनं निघाल्यासारख्या.
एका पंडितजींनी एकदा वाचून दाखवलं होतं:
या गावातून राजाच्या माणसांनी
फुलं घेऊ नयेत, दूध घेऊ नये,
गवत, कातडं, कोळसा मागू नये,
जोवर चंद्रसूर्य आहेत.
म्हणजे त्याआधी घेत असत.
गाव कोणतं, विचारलं.
म्हणाले, सापडत नाही.

चंद्रसूर्य आहेत.

तिसऱ्या दालनात मी शिडीवर.
"गोंड राजवट". साल, रेघ, साल.
खाली शिडी धरून इसतारू कोडापे,
माझ्याच वर्षी नोकरीला लागलेला.
मान वर करून म्हणाला,
"काऊन बावा, संपलो का आमी?"
"राज्य संपलं, इसतारू."
"मंग तसं लिही ना."
आणि शिडी सोडून चहाला निघून गेला.
मी वरच. बोटाला डिंक.

भोसल्यांच्या कपाटात तलवार आहे, म्यान आहे,
मखमल दर तीन वर्षांनी बदलतो.
त्यांच्याच मागून आमचे कोष्टी आले म्हणतात,
बैलाच्या पाठीवर माग बांधून.
किनारीला रेशीम, पोटाला जवारी.
सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या
तेव्हाही कोणी ताणा पुरा करत बसलंच असेल;
अर्धं लुगडं कोणी विकत घेत नाही.
त्या माणसासाठी कपाट नाही.
मी शोधलं. मोडीतल्या यादीत फक्त
"साडी नग चार".

मग गोरे.
त्यांनी चौकात दगड रोवला, म्हणाले, इथून मोजा.
हा बंगलाही त्यांचाच.
आमची मडकी, आमचे देव, जंगलातला वाघ
सगळं काचेमागं ठेवून कुलूप घातलं.
त्यांच्या पाटीवर शेवटचं साल
मी कोणाला न विचारता लिहिलं, ठळक.
किल्ल्यांचा जुडगा मात्र तोच,
विलायती, अजून माझ्या कमरेला.

आणि हे कुठं लावू?
मी चौथीत होतो. दसऱ्याला आमच्या गल्लीतून
पांढरे कपडे घातलेली माणसं सकाळपासून चालली होती,
म्हाताऱ्या, तान्ही लेकरं, कडेवर, खांद्यावर.
आईनं रांजण दारात आणून ठेवला,
दोनदा भरला. काही बोलली नाही.
गेली ती माणसं परतली तेव्हा
त्यांची चाल निराळी होती.
पुढच्याच पंधरवड्यात दिवाळी. सुट्टी लागली तेव्हा
आम्ही राजधानीत राहत होतो,
सुट्टी संपली तेव्हा नाही.
भूगोलाच्या गुरुजींनी फळा पुसला, हात झटकले,
खडूची धूळ पहिल्या बाकावर. मी पहिल्या बाकावर.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी
एकच पाटी नवी केली.
"गोंड". साल. रेघ.
पुढं मोकळं.
साहेब चष्मा वर सारून म्हणाले, अर्धी राहिली का?
म्हटलं, जागा पुरली नाही.

खाली इसतारू होता.
त्यानं शिडी सोडली नाही,
मी उतरेपर्यंत.
मग दोघंही चहाला गेलो.
पैसे त्यानंच दिले.