अर्धा वाटा

निंगव्वाच्या मळ्याचा फॉर्म दोन भाषांत छापलाय,
डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी.
खिशात घडी पडून पडून
एक ओळ दोन्हीकडची पुसली गेलीय,
नेमकी तीच, जिथं वजन लिहिलेलं असावं.

मी उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथ चालवली.
मला ड्रॉइंग लागतं.
बोअर पंचवीस, प्लस शून्य, मायनस दोन शतांश,
त्यापलीकडं गेलं की माल परत.
म्हणून विचारलं,
पूर्ण वाट्यात किलो किती? अर्ध्यात किती?

निंगव्वा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
एन बर्तैति, अद.
जे येतंय, तेच.
मग माझं तोंड बघून मराठीत:
मळ्याला विचारून सांगते की.

मालन बांधावर उभी, चपला हातात.
तिचा हिशेब वेगळाच चाललेला:
मला वांग्यानं खाज सुटते,
तिला स्वतःला कारलं लागतं पण एकटीपुरतं,
आणि सुहासला मुळ्याचा वास सोसत नाही.
सुहास तीन वर्षं झाली होसूरला असतो.
तरी त्याचा मुळा तिनं वजा केला.

पूर्ण घेतला तर कोबी सडंल, ती म्हणाली.
थोडं थांबून, अर्धा घेतला
तर दारात आलेल्याला काय घालू?

(दारात कोण येतंय हल्ली?
गॅसवाला, आणि मीटर बघणारा.
हे मी बोललो नाही.)

पैसे आत्ता, सहा महिन्यांचे, एकरकमी.
भाजी दर गुरुवारी, वडगावच्या कोपऱ्यावर.
आणि वळवाच्या गारा पडल्या तर?
अडिवेप्पा पाइप गुंडाळत होता,
निंगव्वाचा थोरला, कानात बाळी.
पडल्या तर तुमच्या बी वाट्याला गाराच की, म्हणाला,
आणि हसला.
मी लगेच नाही हसलो.

आमच्याकडं वाटणी म्हटलं की साखळी येते मोजायची,
सर्व्हेअर येतो, भाऊ भावाच्या लग्नाला जात नाही.
नकाशाची झाली तेव्हा
आमचा जन्मही नव्हता, आणि अजून
पाट्यांवर डांबर वाळतंय.
वाटा हा शब्द त्याच घरातला.
पण इथं बांधावर निंगव्वा तो म्हणाली
तेव्हा वाटण्यापेक्षा
वाटीसारखा लागला कानाला,
शेजारनं झाकून आणलेल्या.

मार्कंडेयच्या बाजूनं वारा आला,
फॉर्म उडायला लागला.
मालननं त्यावर नवलकोल ठेवला.
अर्धा, ती म्हणाली. लिहा.
लिहिलं.
आणि त्या पुसलेल्या ओळीत,
कुणी विचारलं नसताना,
बारीक अक्षरात: प्लस-मायनस गारा.

पहिला गुरुवार.
अडिवेप्पाच्या टेम्पोतनं आमची बुट्टी उतरली.
मेथी, दोन नवलकोल, मिरच्या मूठभर,
तळाशी ओल्या फडक्यात हक्करकी,
जी कुणी पेरलेली नसते,
ज्वारीत आपली आपण उगवते.
हिचे पैसे कुणी धरले असतील?
शेंगाचटणीबरोबर कच्चीच खाल्ली.
भाकरी कमी पडली.

आणि एक गाजर,
कमरेपासून दोन पाय फुटलेलं,
एकावर एक टाकून बसलेलं.
असला पीस आमच्या साहेबानं
शॉपच्या बाहेर भिरकावला असता.
मी कपाट उघडलं,
तेलकट कापडातला व्हर्निअर काढला,
चष्मा पुसला.
डावा पाय अठरा पूर्णांक चार.
उजवा मोजायला गेलो
तर मालन तो चावत
खिडकीपाशी उभी होती.