अक्षराला चौदा रुपये

पेरूगेटाजवळ, रसवंतीला चिकटून आमचं दुकान.
वडिलांमागे मशीन मीच चालवते.
त्यांनी घडीचा कागद काउंटरवर ठेवला,
तळहाताने दोनदा सारखा केला.

मधुसूदन रिसबूड.
खाली: असाधारण आणि सर्वाधिकारी राजदूत, निवृत्त.

मी पेन्सिलीच्या टोकाने मोजलं.
अठ्ठावीस अक्षरं, तीनशे ब्याण्णव.
"‘आणि’ काढलं तर अठ्ठावीस रुपये वाचतील."
"नको. हुद्दा तसाच आहे."

असाधारण म्हणजे काय हो?

"पूर्वी एकाच कामावर धाडत,
तह, सोयरीक, थकलेली खंडणी.
काम झालं की माघारी. तो असाधारण.
तिथेच मुक्काम ठोकणारा, साधा.
पुढे साधा म्हणवून घ्यायला कुणी तयार होईना.
आता सगळेच असाधारण."

नि सर्वाधिकारी?

ते काचेखालच्या नमुन्यांकडे बघत राहिले:
डॉ. अमुक, अॅड. तमुक, ‘कुत्र्यापासून सावध’.
"परिचयपत्रात लिहिलेलं असतं,
हा आमच्या वतीने बोलेल ते खरं मानावं.
आमच्या वतीने.
तेहेतीस वर्षं माझं मत कुणी विचारलं नाही.
विचारलंच, तर म्हणायचो, दिल्लीला कळवतो."

मग, मी न विचारताच:

"माण तालुक्यातला गवंडी, क्रेनखाली गेला.
पासपोर्टवर काळेल,
तिथल्या दवाखान्याच्या कागदावर खलील.
खलील म्हणून पुरणार होते.
दिल्लीहून उत्तर नाही. चार दिवस.
पाचव्या दिवशी मीच लिहिलं, हा तोच.
सही, सहीखाली पूर्ण हुद्दा, शिक्का.
पेटी निघाली म्हसवडला.
मी त्याला पाहिलाही नव्हता.
तरी खरं मानलं त्यांनी."

रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
मी पितळेचा कीस फुंकला, उगाच.

जरा वेळाने त्यांनी वर पाटीकडे पाहिलं.
"डबीर म्हणजे काय, ठाऊक आहे?"
"आडनाव."
"रायगडावर परराज्यांशी बोलायचं काम होतं ते."

असेल.
आमचा गॅसवाला ढबीर लिहितो,
आम्ही तेही घेतो.

पितळ की सागवान?
त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.
"घरी विचारून सांगतो."
पायरीवर उभं राहून, दुसऱ्या कानात बोट घालून
बसच्या आवाजात बोलत राहिले.

"पितळ. ‘निवृत्त’ नको म्हणते."
मी बेचाळीस वजा केले. साडेतीनशे.
पावतीवर लिहितही होते,
तोच त्यांनी माझ्या पेनासमोर बोट धरलं.

"राहू द्या निवृत्त.
हे माझं."

पुन्हा तीनशे ब्याण्णव.
"गुरुवारी येऊ?"
"गुरुवारी वीज नसते."
"बरं," म्हणाले, "मग कळवा."